चोर सोडून संन्याशाला सुळी: बोलोन्यातील परदेशी विद्यार्थी आणि विद्यापीठाचा जन्म

बाराव्या शतकाच्या मध्यावरचे बोलोन्या शहर. आल्प्सच्या खिंडी ओलांडून एक जर्मन तरुण येथे रोमन कायदा शिकण्यासाठी आला आहे. भाड्याची खोली, चर्मपत्रावर हाताने लिहून घेतलेले दोनचार ग्रंथ आणि पुढच्या वर्षाच्या खर्चाची थैली, एवढीच त्याची मालमत्ता. एके सकाळी दारावर थाप पडते. बाहेर शहरातला एक कापडव्यापारी आणि त्याच्यासोबत न्यायालयाचा माणूस उभा असतो. या तरुणाच्या गावच्या कोणा व्यापाऱ्याने उधारीवर माल उचलला, पैसे बुडवले आणि आल्प्सपलीकडे पोबारा केला. तरुणाने त्या व्यापाऱ्याचे नावही कधी ऐकलेले नाही. तरीही ग्रंथ आणि थैली जप्त होतात, कारण कर्जबुडव्या आणि विद्यार्थी एकाच गावचे आहेत.

वरचा तरुण काल्पनिक आहे, पण त्याच्यावर ओढवलेला प्रसंग त्या काळी नित्याचा होता, आणि मुख्य म्हणजे तो कायदेशीर होता. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण आपण अन्यायाचे वर्णन म्हणून वापरतो. मध्ययुगीन इटलीतील शहरांनी तिचीच व्यवहाराची रीत केली होती. आज परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याची सुरक्षितता म्हटली की विमा, दूतावास आणि आपत्कालीन क्रमांक आठवतात. आठ-नऊ शतकांपूर्वी हाच प्रश्न युरोपात कसा सोडवला गेला आणि त्या खटाटोपातून ‘युनिव्हर्सिटी’ नावाची गोष्ट कशी आकाराला आली, हा या धाग्याचा विषय आहे.

या रीतीला ‘रेप्रेसालिया’ म्हणत. तिच्यामागे एक तर्क होता, तो आधी समजून घ्यायला हवा. तेव्हा इटलीतील प्रत्येक मोठे शहर हे जवळजवळ स्वतंत्र राज्य होते. बोलोन्याच्या न्यायाधीशाचा हुकूम फ्लॉरेन्समध्ये चालत नसे. मग फ्लॉरेन्सच्या ऋणकोकडून बोलोन्याच्या धनकोने पैसे वसूल करायचे कसे? त्याने आपल्याच शहराकडे दाद मागायची आणि शहराने त्याला परवानगी द्यायची, की फ्लॉरेन्सचा जो कोणी माणूस हाती लागेल त्याचा माल उचलून वसुली करून घे. ज्याचा माल जाईल तो घरी परतून मूळ ऋणकोच्या मानगुटीवर बसेल, अशी अपेक्षा. व्यापाऱ्यांच्या बाबतीत हे गणित काही अंशी जुळतही असे. व्यापारी संघटित होते, त्यांचे हितसंबंध दोन्ही शहरांत गुंतलेले असत, आणि घरच्या नगरसभेवर दबाव आणण्याइतके वजन त्यांच्याकडे होते.

विद्यार्थ्याकडे यातले काहीच नव्हते. व्यापारी जत्रेपुरता येई आणि निघून जाई, विद्यार्थी वर्षानुवर्षे त्याच खोलीत सापडे. त्याच्याकडे रोख रक्कम असे, कारण घरून वर्षाचा खर्च एकदम येई. त्याच्याकडे ग्रंथ असत, आणि त्या काळी कायद्याचा एक ग्रंथ म्हणजे बरीच मोठी संपत्ती. आणि मारहाण झाली, लुबाडणूक झाली, तर दाद मागायला त्याचे असे कोणी नव्हते. बोलोन्याचा नागरिक नसल्यामुळे शहराच्या कायद्याचे संरक्षण त्याला नाही, आणि घरचा सरंजामदार आल्प्सपलीकडे. जप्तीसाठी याहून सोपे सावज मिळणे कठीण.

तरीही तरुण बोलोन्याकडे येत राहिले. अकराव्या शतकाच्या अखेरीपासून इर्नेरियुस आणि त्याच्या शिष्यांनी जस्टिनियनच्या कायदेसंहितेचे अध्यापन तेथे सुरू केले होते. सम्राटाच्या, पोपच्या किंवा एखाद्या बिशपच्या दरबारी मोठे पद हवे असेल, तर हा कायदा येणे म्हणजे हाती किल्ली असण्यासारखे होते. येणाऱ्यांत कोवळी पोरेच होती असेही नाही. चर्चमध्ये आधीच पद असलेले, पंचविशी-तिशीचे, नोकर बाळगणारे लोकही त्यांत होते. कायदा शिकणाऱ्या या मंडळींना स्वतःच्या खोलीचेही कायदेशीर संरक्षण नसावे, यातला विरोधाभास त्यांच्या लक्षात आला नसेल असे मानण्याचे कारण नाही.

इ.स. ११५५ च्या मे महिन्यात जर्मन राजा फ्रेडरिक बार्बारोसा रोमकडे निघाला होता. पोपच्या हातून सम्राटपदाचा मुकुट घ्यायचा होता. वाटेत त्याचा तळ बोलोन्याजवळ पडला. पुढे काय घडले ते बार्बारोसाच्या इटलीतील मोहिमांवर त्याच काळात रचलेल्या एका लॅटिन काव्यात आले आहे. शहरातून विद्यार्थी आणि अध्यापक राजाच्या भेटीला गेले. नागरिक तुम्हाला कसे वागवतात, असे त्याने विचारले. शहराबद्दल त्यांनी चांगलेच सांगितले. आम्ही येथे रात्रंदिवस अभ्यास करतो, लोक आदराने वागवतात. तक्रार एकच, न घेतलेले कर्ज आमच्याकडून वसूल केले जाते. शेजाऱ्याची देणी आमच्या माथी मारली जातात.

कवीच्या सांगण्यावर कितपत विसंबावे, हा प्रश्न आहेच. राजस्तुतीच्या काव्यात राजा नेहमीच न्यायी असतो. कायदा त्याच वेळी झाला की नंतर, यावरही अभ्यासकांत मतभेद आहेत. पण नोव्हेंबर ११५८ मध्ये पिआचेंझाजवळ रोन्कालिया येथे भरलेल्या राजसभेशी या कायद्याचे नाव जोडलेले आहे, आणि त्याचा मजकूर आजही उपलब्ध आहे. त्याच्या पहिल्या शब्दावरून त्याला ‘हबिता’ म्हणतात.

हबिताचा मजकूर लहान आहे, पण एकेक कलम नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवते. विद्येसाठी प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्यांना, आणि विशेषतः कायद्याच्या अध्यापकांना, विद्येच्या ठिकाणी निर्धास्तपणे जाता यावे व तेथे निर्धास्तपणे राहता यावे, अशी आज्ञा त्यात आहे. ही माणसे ज्ञानाच्या ओढीने स्वतः परागंदा होतात, श्रीमंतीतून दारिद्र्यात येतात, जिवावरची संकटे अंगावर घेतात आणि नीच लोकांकडून विनाकारण मार खातात, असे त्यांचे वर्णनही आहे. राजाज्ञेच्या रुक्ष भाषेत इतकी सहानुभूती क्वचितच भेटते.

त्यानंतर मुख्य कलम येते. दुसऱ्याच्या कर्जापोटी, तो दुसरा त्याच प्रांतातला असला तरी, कोणीही विद्यार्थ्याचे नुकसान करू नये. ज्याने वसुली केली त्याने चौपट परतफेड करावी. त्याच्या माथी कलंक लागेल आणि पद असल्यास तेही जाईल. एवढ्यावर कायदा थांबला असता तर तो सदिच्छांचा कागद ठरला असता. पुढचे वाक्य महत्त्वाचे आहे. जो स्थानिक अधिकारी ही भरपाई करवून देण्यात कुचराई करील, तोही त्याच चौपट दंडाला पात्र ठरेल. परक्या विद्यार्थ्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी यजमान शहराच्या अधिकाऱ्याच्या खिशाशी बांधली गेली.

शेवटचे कलम खटल्यांविषयी आहे. कोणी विद्यार्थ्यावर दावा लावला, तर तो कोणापुढे चालावा हे विद्यार्थ्यानेच ठरवावे, त्याच्या अध्यापकापुढे किंवा शहराच्या बिशपपुढे. फिर्यादीने त्याला तिसऱ्याच न्यायाधीशापुढे खेचले, तर दावा खरा असला तरी तो हरलाच. हा मजकूर जस्टिनियनच्या संहितेत घालावा असा हुकूम झाला, आणि तो घातलाही गेला. बापाच्या कर्जासाठी मुलाला आणि मुलाच्या कर्जासाठी बापाला जबाबदार धरू नये, असे सांगणाऱ्या प्रकरणात. जागा अचूक निवडली होती.

बार्बारोसाला विद्यार्थ्यांचा एवढा कळवळा का आला? उत्तर कायद्यातच आहे. या लोकांच्या विद्येने जग उजळते आणि प्रजा देवाच्या व आमच्या आज्ञेत राहते, असे सम्राट स्पष्ट म्हणतो. रोन्कालियाच्या त्याच सभेत बोलोन्याचे चार नामांकित कायदेपंडित, बुल्गारुस, मार्तिनुस, याकोबुस आणि हुगो, हजर होते. इटलीतील शहरांनी बळकावलेले कर, टांकसाळी आणि जकाती मुळात सम्राटाच्या कशा आहेत, हे ठरवण्यात त्यांनी हातभार लावला. तेव्हा विद्यार्थ्यांना मिळालेले संरक्षण ही निव्वळ कृपा नव्हती. त्यामुळे त्याचे मोल कमी होते असेही नाही. कोणाचा तरी स्वार्थ पाठीशी असलेले कायदे सहसा जास्त टिकतात.

मात्र सम्राट बोलोन्यात राहत नव्हता. कायदा राबवायचा होता तो शहराने, आणि बोलोन्या लवकरच बार्बारोसाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या शहरांच्या आघाडीत सामील झाले. दूरच्या सत्तेने दिलेले अभयपत्र आणि जवळच्या शिपायाची काठी यांत काठीच वरचढ ठरते, हे पुढच्या पन्नास वर्षांत बोलोन्याबाहेरही दिसले.

इ.स. १२०० मध्ये पॅरिसला एका जर्मन विद्यार्थ्याच्या नोकराला मद्याच्या दुकानात मारहाण झाली. जर्मन विद्यार्थ्यांनी जाऊन दुकानदाराला बडवले. मग राजाचा नगराधिकारी सशस्त्र नागरिक घेऊन त्यांच्या निवासावर चालून गेला आणि काही विद्यार्थी ठार झाले. शिक्षक आणि विद्यार्थी शहर सोडतील या धास्तीने राजा फिलिप ऑगस्टसने त्या अधिकाऱ्याला कैदेत टाकले आणि सनद दिली. विद्यार्थ्यावर हल्ला होताना पाहणाऱ्या नागरिकाने साक्ष द्यावी, काही दिसलेच नाही असे भासवून बाजूला होऊ नये, असे त्या सनदेत आहे. गर्दीतली माणसे तेव्हाही मान वळवत होती, याचा हा लेखी पुरावा.

१२०९ मधली ऑक्सफर्डची घटना याहून भीषण आहे, आणि बोलोन्यातील जप्तीशी तिचे नाते थेट आहे. एका विद्यार्थ्याच्या हातून एक स्त्री मारली गेली. तो पळाला. संतापलेल्या गावकऱ्यांनी त्याच्या निवासावर धाड घातली, तेव्हा त्याच्यासोबत भाड्याने राहणारे विद्यार्थी सापडले. त्यांना या प्रकाराची कल्पनाही नव्हती. राजा जॉनच्या संमतीने त्यांतल्या दोघांना, काही नोंदींनुसार तिघांना, फासावर चढवण्यात आले. म्हण येथे शब्दशः खरी झाली. गुन्हा एवढाच की छप्पर एक होते.

ऑक्सफर्डचे अध्यापक आणि विद्यार्थी पांगले. काही केंब्रिजला गेले आणि तेथे नवे विद्याकेंद्र सुरू झाले. पाच वर्षांनी, १२१४ मध्ये, पोपच्या प्रतिनिधीने समेटाच्या अटी ठरवल्या. विद्यार्थ्यांच्या निवासांचे भाडे दहा वर्षे निम्मे घ्यावे. गरीब विद्यार्थ्यांसाठी गावाने दरवर्षी ५२ शिलिंग द्यावेत आणि सेंट निकोलसच्या सणाला शंभर गरीब विद्यार्थ्यांना जेवण घालावे. ज्यांचा फाशीत हात होता त्यांनी अनवाणी जाऊन त्या विद्यार्थ्यांचे विधिवत दफन करावे. भाड्याची सवलत आणि प्रेतसंस्कार एकाच करारात आलेले वाचताना थोडे चमकायला होते, पण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने दोन्ही प्रश्न एकाच घरमालकाशी निगडित होते.

आता पुन्हा बोलोन्या. तेथील परदेशी विद्यार्थ्यांनी बाराव्या शतकाच्या अखेरीस जो मार्ग काढला तो निराळा होता. त्यांनी संघ बांधला. लॅटिनमध्ये अशा शपथबद्ध संघाला ‘उनिव्हर्सितास’ म्हणत. आपल्या ‘विद्यापीठ’ या शब्दात विद्या आहे आणि तिचे पीठही आहे, उनिव्हर्सितास या शब्दात दोन्ही नाहीत. त्याचा अर्थ केवळ समूह, संघ. चांभारांची किंवा सुतारांचीही उनिव्हर्सितास असू शके. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात विणकरांची जी श्रेणी भेटते, तिच्याशी या शब्दाचे नाते अधिक जवळचे आहे.

या संघात कोण होते यापेक्षा कोण नव्हते, हे अधिक बोलके आहे. खुद्द बोलोन्याच्या नागरिक विद्यार्थ्यांना त्यात स्थान नव्हते. त्यांना शहराचे संरक्षण जन्मतःच होते, त्यांना संघाची गरज काय? म्हणजे ज्या संस्थेच्या नावावरून जगभरच्या ‘युनिव्हर्सिटी’ ओळखल्या जातात, ती बोलोन्यात परक्यांनी परक्यांसाठी उभारलेली सुरक्षाव्यवस्था होती. तेथे विद्यार्थी शिकायचे म्हणून एकत्र आले नव्हते, शिकणे आधीपासून चाललेच होते. एकत्र आले ते लुबाडले जाऊ नये म्हणून.

पुढे आल्प्सपलीकडचे आणि आल्प्सअलीकडचे असे दोन संघ झाले आणि प्रत्येकाचा प्रमुख, रेक्टर, विद्यार्थ्यांमधून निवडला जाई. संघाच्या आत जन्मभूमीनुसार गट असत, त्यांना ‘नात्सिओ’ म्हणत. त्यांतला जर्मनांचा गट विशेष टापटिपीचा, १२८९ पासूनच्या त्यांच्या जमाखर्चाच्या नोंदी शिल्लक आहेत. नवा आलेला विद्यार्थी ऐपतीप्रमाणे वर्गणी भरी. घरापासून शेकडो मैलांवर आजारी पडलेल्याला किंवा मेलेल्याला आपले म्हणणारी माणसे त्यामुळे मिळत.

अध्यापकांची अवस्था यात चमत्कारिक झाली. त्यांचे मानधन विद्यार्थी देत, त्यामुळे संघाचे नियम त्यांना पाळावे लागत. शहराबाहेर जायचे तर विद्यार्थ्यांची परवानगी घ्या आणि परत येण्याची हमी म्हणून अनामत ठेवा, व्याख्यानाला उशीर झाला तर दंड भरा. दुसऱ्या बाजूने शहर त्यांच्याकडून शपथ घेई की बोलोन्या सोडून अन्यत्र शिकवणार नाही. पाठीराखे नसलेले या कथेत कोणी असतील, तर काही काळ ते अध्यापकच होते.

शहराला शपथेची गरज का वाटली? कारण संघाकडे एकच शस्त्र होते, आणि ते म्हणजे निघून जाणे. तेव्हाच्या विद्याकेंद्राला इमारती नव्हत्या, वाचनालये नव्हती. व्याख्याने भाड्याच्या जागेत होत. विद्यार्थ्यांनी ग्रंथ खेचरावर लादले की विद्याकेंद्र गावाबाहेर पडले. मागे राहत रिकाम्या खोल्या आणि गिऱ्हाईक नसलेले खाणावळवाले, नकलनवीस, सावकार. असे स्थलांतर घडवून आणणाऱ्यांसाठी शहराने जबर शिक्षा ठरवल्या. १२१७ मध्ये पोप होनोरियुस तिसरा याने या वादात विद्यार्थ्यांची बाजू घेतली.

१२२२ मध्ये बोलोन्यातून बाहेर पडलेला एक मोठा गट पादुआत स्थिरावला. सहा वर्षांत तेथेही बिनसले, आणि १२२८ मध्ये पादुआतील विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनी व्हेर्चेल्ली या शहराशी करार केला. हा करार म्हणजे विद्यार्थ्यांनी शहराकडून वदवून घेतलेल्या अटींची यादीच आहे. राहण्यासाठी पाचशे घरे, आणि लागल्यास आणखी. उत्तमातल्या उत्तम घराचेही भाडे १९ पाविया लिरांवर जाता कामा नये. अल्प व्याजाने कर्ज देण्यासाठी १०,००० लिरांची तजवीज. अध्यापकांचे वेतन शहराने द्यायचे. व्हेर्चेल्लीचे दुसऱ्या एखाद्या शहराशी युद्ध वा तंटा झाला, तरी त्या शहराच्या विद्यार्थ्याला पकडायचे नाही. आणि एका विद्यार्थ्याच्या देण्यापोटी दुसऱ्याची जप्ती करायची नाही, त्याने स्वतः जामीन घेतला असेल तरच.

सत्तर वर्षांपूर्वी सम्राटाकडे गाऱ्हाणे म्हणून मांडलेली गोष्ट आता सौद्यातील एक अट म्हणून आली होती. हबितामध्ये संरक्षण वरून उतरले होते. व्हेर्चेल्लीत ते घरभाड्याच्या दराशेजारी बसले, आणि दोन्ही बाजूंना त्यात काही विशेष वाटले नसावे.

या कथेला एक काळी बाजू आहे, आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. १३२१ मध्ये बोलोन्यातील एका स्पॅनिश विद्यार्थ्याने शहरातील एका मुलीचे अपहरण केले. तो पकडला गेला आणि शहराच्या प्रमुख न्यायाधिकाऱ्याने, पोदेस्ताने, त्याला मृत्युदंड दिला. हा संन्यासी नव्हता, चोरच होता. तरीही आपल्या विशेषाधिकारांचा भंग झाला असे म्हणत विद्यार्थी आणि अध्यापक मोठ्या संख्येने शहराबाहेर पडले. निरपराधाला दुसऱ्याच्या गुन्ह्यापासून वाचवण्यासाठी घडवलेले शस्त्र आता अपराध्याला त्याच्या स्वतःच्या गुन्ह्यापासून वाचवण्यासाठी उगारले गेले. त्या मुलीच्या आप्तांना विद्यार्थ्यांचे विशेषाधिकार कसे दिसले असतील, याचा विचार संघाच्या नोंदींत शोधून उपयोग नाही.

सिएना शहराला मात्र ही पर्वणी वाटली. बाहेर पडलेल्यांना त्याने आनंदाने थारा दिला आणि आपले विद्याकेंद्र वाढवून घेतले. रिकाम्या खोल्यांकडे पाहत बोलोन्याने पुन्हा बोलणी सुरू केली. पुढच्या वर्षापासून विद्यार्थी हळूहळू परतू लागले, आणि जुन्या घरमालकांशी भाड्याचे करार नव्याने झाले.